पूर्ण डिस्कच्या इमेजमधून फक्त सी परत आणली, डीला हात न लावता: एक प्रकरण

आधी परिस्थिती सांगतो. ५०० जीबीची एक डिस्क, त्यावर विंडोज १०, सी मध्ये विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम, डी मध्ये काम. मशीन माझ्या मित्राच्या मोठ्या बहिणीचं, ताई पुस्तकांची मांडणी करते आणि तिचं सगळं पोट त्या मशीनवर. मध्यंतरी अपडेट चालू असताना लाईट गेली आणि त्यानंतर विंडोज उठेचना, निळी स्क्रीन, मग ऑटोमॅटिक रिपेअर, मग परत निळी स्क्रीन, असं गोल गोल. नवीन विंडोज टाकायला काहीच हरकत नव्हती, पण तिच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर आता कुठे मिळत नाही, जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर पण तसाच, आणि ते सगळं नीट बसलेलं होतं ते फक्त त्या एका सी मध्ये.

जमेची बाजू म्हणजे चार-पाच महिन्यांपूर्वी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत, काढून ठेवलेली होती, लिनक्सच्या लाईव्ह पेनड्राईव्हवरून (पेनड्राईव्हवरूनच चालणारी लिनक्स) डीडी या कॉपीच्या कमांडने, एकच मोठी फाईल, एक्स्टर्नल हार्डडिस्कवर. अडचण अशी की ती इमेज जशीच्या तशी डिस्कवर ओतली तर डी पण चार-पाच महिने मागे जाणार, म्हणजे मधल्या काळातलं सगळं काम पुसलं जाणार. ताईचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच, "अरे पण डीला काही होणार नाही ना?" म्हणून ठरलं की इमेजमधून फक्त सी उचलायची.

आता हे लिहायचं कारण. इमेजमधून एक पार्टिशन (डिस्कचा सी किंवा डी सारखा एक भाग) काढून डिस्कवर लिहिणं हे काम खरं तर एका कमांडचं आहे, नेटवर कुठेही मिळेल. पण जुन्या तारखेचं पार्टिशन आजच्या तारखेच्या डिस्कवर जाऊन बसतं तेव्हा शेजारची पार्टिशनं पुढे गेलेली असतात, आणि सगळा घोळ तिथे होतो. कॉपी अगदी बिनचूक झाली तरी डी खराब होऊ शकते, ते कसं ते पुढे येईलच.

आधीची तपासणी

सगळ्यात आधी डिस्कची तब्येत. स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढून रिअलोकेटेड सेक्टर (डिस्कवरचे खराब म्हणून बदललेले छोटे ठोकळे) आणि करंट पेंडिंग सेक्टर (संशयित ठोकळे) हे दोन आकडे बघायचे, दोन्ही शून्य होते, म्हणजे डिस्क बहुधा ठीक आहे आणि दोष अर्धवट अपडेटचाच. हे आकडे वाढलेले असते तर त्या डिस्कवर काही लिहायचंच नाही, आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या टूलने डी बाहेर काढायची आणि रिस्टोअर नव्या डिस्कवर करायचा.

मग इमेज फाईलचा आकार. ५०० जीबीच्या नेहमीच्या डिस्कवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात, प्रत्येक ५१२ बाइटचा, म्हणजे फाईल बरोबर ५,००,१०,७८,६२,०१६ बाइटची पाहिजे. तेवढीच होती. एक बाइट जरी कमी असता तरी कॉपी मध्येच तुटली होती असं धरायला लागलं असतं. इमेज काढतानाच एसएचए-२५६ चा चेकसम (फाईलवरून काढलेली खूण, फाईल बदलली की ती बदलते) शेजारी टेक्स्ट फाईलमध्ये ठेवलेला होता तो परत काढून जुळवला, वेळ लागतो या कामाला पण टाळू नका, एक्स्टर्नल डिस्कवर महिनोन्महिने पडलेल्या फाईलवर नुसता विश्वास ठेवून कोणाचं मशीन पुसायचं नसतं.

मग तुटलेल्या सी चाच बॅकअप. होय, तुटलेल्या सी चा. लोक ठामपणे सांगतात की माझं सगळं डी मध्ये आहे, आणि ते खरं बोलत असतात, पण डेस्कटॉप सी मध्ये असतो हे डोक्यात नसतं, डाऊनलोड्स पण सी मध्ये, ब्राऊझरचे बुकमार्क आणि पासवर्ड पण, मेल प्रोग्रॅमची फाईल पण. लाईव्ह लिनक्समधून ती सी रीड-ओन्ली माउंट केली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती उघडली, तर आतलं सगळं दिसत होतं, विंडोज उठत नाही याचा अर्थ फाईली गेल्या असा नसतो. पूर्ण यूझर्स फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उचलून ठेवलं, लपलेलं अ‍ॅपडेटा धरून. डेस्कटॉपवर "नवीन", "नवीन २" असल्या नावांची फोल्डर निघाली आणि त्यात चालू पुस्तकाची ताजी प्रुफं होती.

डीचा पण वेगळा बॅकअप घेतला. हात लावायचा नाही असं ठरवलेल्या पार्टिशनचा बॅकअप तर आधी घ्यायचा.

दोन टेबलं शेजारी शेजारी

आता मुख्य भाग. पूर्ण डिस्कची इमेज म्हणजे त्यात पार्टिशन टेबलपण आलं, कुठलं पार्टिशन कुठे आहे याची यादी. जीपीटी या आजच्या पद्धतीच्या टेबलमध्ये सुरुवातीला ३४ सेक्टर यात जातात: पहिला जुन्या धाटणीचा संरक्षक एमबीआर, दुसरा हेडर, पुढचे ३२ नोंदींचे, आणि हेडर व नोंदींची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. एसएफडिस्क या पार्टिशनच्या कमांडला डम्प पर्याय दिला की हे टेबल साध्या टेक्स्टमध्ये मिळतं, प्रत्येक पार्टिशनची एक ओळ, कुठून सुरू, किती सेक्टर, कुठला प्रकार, कुठला यूयूआयडी म्हणजे ओळख क्रमांक. ही कमांड जशी डिस्कवर चालते तशीच इमेज फाईलवर पण चालते. मी दोन्हींचे डम्प काढले आणि डिफ लावून फरक बघितला.

इमेजमधलं टेबल असं होतं की पहिलं रिकव्हरी पार्टिशन ५२९ एमबीचं, मग १०० एमबीचं ईएफआय (बूटच्या फाईलींचं), मग १६ एमबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड, चौथं सी, सेक्टर १३,२३,००८ पासून पुढे ३१,४५,७२,८०० सेक्टर म्हणजे बरोबर १५० जीबी, आणि पाचवं डी, ३१,५८,९५,८०८ पासून शेवटपर्यंत. सी जिथे संपते तिथे लगेच डी सुरू.

आणि डिस्कवर आत्ता काय होतं, तर बाकी सगळं तसंच, पण सी ३१,३३,४४,००० सेक्टरची, म्हणजे १२,२८,८०० सेक्टर कमी, बरोबर ६०० एमबी कमी, आणि त्या कापलेल्या जागेत सी आणि डी च्या मध्ये एक सहावं पार्टिशन, प्रकार रिकव्हरी.

हे ताईने केलेलं नव्हतं, कोणीच केलेलं नव्हतं. जुन्या पद्धतीने बसवलेल्या विंडोजमध्ये रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीला असतं, ते पुढे वाढवता येत नाही, आणि मोठ्या अपग्रेडच्या वेळी रिकव्हरीला तिथली जागा पुरली नाही की विंडोज स्वतःच सी चं शेपूट कापून तिथे नवीन पार्टिशन बनवतं. कोणाला विचारत नाही, आणि नुसत्या नजरेला कळत पण नाही, एका ठिकाणी १५० लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी १४९.४, कोण बघतं.

आता समजा हे न बघता थेट डीडी मारलं असतं तर? चौथ्या पार्टिशनवर लिहायला सांगितलं असतं तर शेवटचे ६०० एमबी उरले असताना जागा संपली म्हणून कमांड थांबली असती. एनटीएफएस (विंडोजची फाईलसिस्टीम, म्हणजे फाईली मांडून ठेवायची पद्धत) चा पहिला, म्हणजे बूट सेक्टर सांगतो की मी एवढ्या सेक्टरची आहे, बूट सेक्टरची राखीव प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते, आणि तो सेक्टरच पार्टिशनच्या बाहेर, म्हणजे एनटीएफएस थ्रीजी (लिनक्समध्ये एनटीएफएस उघडणारा ड्रायव्हर) शेवटचा सेक्टर वाचता येत नाही म्हणून तक्रार करणार आणि माउंट होणार नाही, भले ९९ टक्क्यांच्या वर डेटा बरोबर जागी असेना. आणि पूर्ण डिस्कवर ऑफसेट, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, मोजून लिहिलं असतं तर सहाव्या पार्टिशनवर जुनी सी चढली असती, आणि मोजणीत थोडी जरी चूक झाली तरी त्याच्या पुढे लगेच डी.

यातून बाहेर पडायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे इमेजची वेगळी प्रत करायची, मूळ इमेजवर कधीच नाही, आणि त्या प्रतीतली सी एनटीएफएस-रिसाइज ने ६०० एमबीने लहान करून मग लिहायची. दुसरा म्हणजे ते सहावं पार्टिशन काढून टाकायचं आणि सी ला तिची जुनी हद्द परत द्यायची. मी दुसरा घेतला, कारण सहाव्या पार्टिशनमध्ये ताईचं काही नव्हतं, फक्त विंडोजचं दुरुस्तीचं सामान, आणि ते सामान ज्या नव्या विंडोजचं होतं ती विंडोज आपण तशीही काढूनच टाकत होतो. शिवाय फाईलसिस्टीमचा आकार बदलणं म्हणजे आतला डेटा हलणं, जे न करता भागतंय ते करायचंच कशाला.

डिस्कच्या डम्पची एक प्रत घेतली, सहाव्याची ओळ उडवली, चौथ्याचा आकार ३१,४५,७२,८०० केला, बाकी एका अक्षराला हात नाही. आणि इथे एक गोष्ट फार महत्त्वाची, प्रत्येक ओळीतला यूयूआयडी तसाच राहिला पाहिजे. फाईलसिस्टीमचा स्वतःचा सिरियल पार्टिशनच्या आत असतो, तो इमेजसोबत आपोआप येतो, पण पार्टिशनचा जीपीटी वाला यूयूआयडी टेबलमध्ये असतो, आत नसतो, आणि विंडोजचं बूट कॉन्फिगरेशन सी ला याच ओळखीने शोधतं. कोणी ग्राफिकल टूलमध्ये पार्टिशन डिलीट करून त्याच जागी त्याच मापाचं नवीन बनवलं की दिसायला सगळं सारखं, पण यूयूआयडी नवा, आणि मग विंडोज उठत नाही आणि माणूस इमेजला दोष देत बसतो. तो बदललेला डम्प एसएफडिस्कलाच परत दिला, सिग्नेचर (पार्टिशनमधल्या फाईलसिस्टीमच्या खुणा) पुसण्याचे दोन्ही वाइप पर्याय नेव्हर ठेवून. मूळ डम्प पेनड्राईव्हवर जपून ठेवला, काही बिनसलं तर टेबल परत जसंच्या तसं करता येतं, टेबल लिहिल्याने आतला डेटा हलत नाही. टेबल लिहून झाल्यावर आधी डी रीड-ओन्ली माउंट करून आतल्या दोन-चार फाईली उघडून बघितल्या, ताई शेजारीच बसलेली होती, तिने स्वतःच बघितल्या.

प्रत्यक्ष लिहिणं

हा भाग छोटा आहे. इमेज लोसेटअप कमांडने लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे ती फाईल जणू खरी डिस्क असावी तशी, जोडली, रीड-ओन्ली आणि पार्टिशन स्कॅन हे दोन्ही पर्याय देऊन, की लगेच इमेजमधलं प्रत्येक पार्टिशन वेगळं डिव्हाइस म्हणून दिसायला लागतं. ऑफसेट हाताने मोजायची गरज राहत नाही, नाहीतर १३,२३,००८ गुणिले ५१२ म्हणजे ६७,७३,८०,०९६ असं करत बसायला लागतं, जमतं तेही पण चुकायला एक शून्य पुरतं. मग लूपचं चौथं पार्टिशन इनपुट, डिस्कचं चौथं पार्टिशन आउटपुट, ४ एमबीचा ब्लॉक, शेवटी एफसिंक (सगळं खरंच डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं). लिहिण्याआधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) मध्ये डिस्कचा मॉडेल आणि सिरियल नंबर बघून घ्या, एसडीए आणि एसडीबी ही नावं दर बूटला अदलाबदल होऊ शकतात, नावावर जाऊ नका.

रीड-ओन्लीचा आग्रह का, तर इमेज जोडल्यावर एकाच मशीनवर एकाच ओळखीच्या दोन-दोन गोष्टी होतात. इथे एनटीएफएस होती म्हणून फार काही नाही, पण बीटीआरएफएस असेल तर (ही आणि पुढच्या दोन लिनक्सच्या फाईलसिस्टीम) एकाच यूयूआयडीच्या दोन प्रती एकाच वेळी दिसणं धोक्याचं, एक्सएफएस तर सरळ दुसरी माउंट करायला नकार देते, आणि ईएक्सटी४ रीड-ओन्ली माउंट केली तरी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) चालवून थोडं लिहू शकते, म्हणून डिव्हाइसच रीड-ओन्ली हवं. हेच काम विंडोजमधून व्हीएचडी (विंडोजची डिस्क इमेजची फाईल) जोडून करणाऱ्यांनी पण तिथला रीड-ओन्लीचा टिक विसरू नये, मूळ डिस्क जोडलेली असताना ओळख एकसारखी निघाली तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवतं आणि ऑनलाइन करायला गेलं की तिची ओळख बदलून टाकतं.

सी सोबतच पहिलं, ५२९ एमबीचं रिकव्हरी पार्टिशन पण इमेजमधून लिहून टाकलं. सी आणि तिचं रिकव्हरी एकाच दिवसाचे असले की बरं, आणि तिथे कोणाचा नवीन डेटा नसतो. ईएफआय मात्र आजचंच ठेवलं, त्याची एक प्रत काढून. आजचा बूट मॅनेजर थोड्या जुन्या विंडोजला सहसा उठवतो, आणि नाहीच उठवलं तर विंडोजच्या बीसीडीबूट कमांडने ते कधीही परत बनवता येतं.

सी लिहायला अर्ध्या तासाच्या आसपास गेला. मग सीएमपी ने दोन्ही बाजू बाइट-बाय-बाइट ताडून बघितल्या, आणि हे माउंट करायच्या आधीच करायचं, एकदा लिहिण्यासाठी माउंट झाली की फरक पडणारच.

पहिल्या बूटच्या आधी

इथे बहुतेक लोक सरळ रीस्टार्ट करतात. प्लीज करू नका.

विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार असतो आणि तो बहुतेक मशीनवर चालूच असतो. त्यात शटडाऊन म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था हायबरफिल नावाच्या फाईलमध्ये लिहून झोपतं, आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. ताईच्या मशीनची इमेज काढली त्या दिवशी पण तिने स्टार्ट मेनूतून शटडाऊनच केलं होतं, म्हणजे इमेजमधल्या सी मध्ये ती झोपलेली अवस्था जशीच्या तशी होती. लिहून झाल्यावर सी माउंट करायला गेलो तर एनटीएफएस थ्रीजी ने सांगितलंच की मेटाडेटा (कुठली फाईल कुठे याच्या नोंदी) विंडोजच्या कॅशमध्ये आहे, लिहायला देणार नाही.

आता यात डीचा काय संबंध? त्या झोपलेल्या कर्नलला डी पण माउंट केलेली आठवते, आणि डी चा तेव्हाचा मेटाडेटा त्याच्याकडे मेमरीत आहे, कुठली फाईल कुठल्या ब्लॉकवर, कुठले ब्लॉक मोकळे. पाच महिने झोपलेला माणूस उठून घरात सगळं जुन्याच जागी आहे असं धरून अंधारात चालायला लागावा, तसं तो उठल्या उठल्या डी वर लिहायला लागतो, आणि ज्या ब्लॉकला तो मोकळे समजतो तिथे आता ताईची पुस्तकं आहेत. डी चा एकही बाइट आपण बदललेला नसताना डी इथे खराब होऊ शकते, आणि खराब झाल्यावर सगळे म्हणणार की रिस्टोअरच्या वेळी काहीतरी चुकलं.

उपाय साधा आहे. नव्याने लिहिलेली सी एनटीएफएस थ्रीजी ने रिमूव्ह-हायबरफाइल हा पर्याय देऊन एकदा माउंट करायची, ती जुनी झोपेची अवस्था पुसली जाते, मग अनमाउंट. इमेजवर हे करायचं नाही, फक्त डिस्कवरच्या सी वर. त्या सेशनमधलं काही सेव्ह न केलेलं असेल तर जातं, पण ते चार-पाच महिन्यांपूर्वीचं, त्याचं काय करायचंय. यानंतर विंडोज कोरं बूट होतं आणि डीची आजची अवस्था नव्याने वाचतं. मी मनाच्या समाधानासाठी पहिल्या बूटला डीची केबल काढता आली असती तर काढली असती, पण एकाच डिस्कवर दोन्ही म्हटल्यावर तो प्रश्नच नव्हता, म्हणून हे हायबरफिल पुसणं दोनदा खात्री करून घेतलं.

नेटची वायर मात्र काढून ठेवली. सी मध्ये जे कुठलं क्लाऊड सिंक असतं त्याच्या नोंदी पण जुन्या झालेल्या असतात, ते जागं होऊन जुन्या-नव्याची सरमिसळ करायच्या आत त्याला थांबवायचं. ऑफिसच्या डोमेनमधलं (एका सर्व्हरखाली जोडलेलं) मशीन असेल तर आणखी एक, त्याचा मशीन अकाउंटचा पासवर्ड डिफॉल्टने ३० दिवसांनी बदलतो, त्याच्यापेक्षा जुनी सी बसवली की डोमेन ओळख देत नाही आणि ते परत जोडून घ्यायला लागतं. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणं) चालू असलेली सी असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हातात असल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका.

विंडोज पहिल्याच फटक्यात उठलं. सॉफ्टवेअर उघडलं, स्कॅनर दिसला. फास्ट स्टार्टअप लगेच बंद केलं, डी वर चेकडिस्क फक्त वाचण्यापुरतं चालवलं, स्वच्छ निघाली. रिकव्हरीची नोंद मात्र बिघडलेली होती, कारण ईएफआय मधलं कॉन्फिगरेशन त्या काढून टाकलेल्या सहाव्या पार्टिशनकडे बोट दाखवत होतं, विंडोजच्या रीएजंटसी कमांडने डिसेबल करून परत इनेबल केल्यावर ते पहिल्या पार्टिशनवर आलं.

इमेज डीडीची नसती तर काय, हे मला नंतर एक-दोघांनी विचारलं. क्लोनझिला या डिस्क कॉपीच्या टूलने पूर्ण डिस्क सेव्ह केलेली असेल तर काम सोपं, ते आतमध्ये प्रत्येक पार्टिशन वेगळ्या फाईलमध्येच ठेवतं आणि रिस्टोअरपार्ट्स मध्ये हवं ते निवडता येतं, पण त्या मोडमध्ये ते डिस्कवरचं पार्टिशन टेबल बनवत नाही, जागा आधीच बरोबर मापाची लागते, म्हणजे टेबलांची ती तुलना तिथेही करायचीच. जीझिपने दाबून ठेवलेली डीडी इमेज असेल तर थेट मधल्या पार्टिशनवर जाता येत नाही, सुरुवातीपासून उलगडत यायला लागतं, आणि वरच्यासारखी लूपवर जोडायची तर आधी पूर्ण उलगडायला लागते, तेवढी मोकळी जागा लागते. आणि डिस्क यूएसबी केसमध्ये असतानाच तिची पार्टिशनं बनवलेली असतील तर काही केस सेक्टर ४०९६ बाइटचा आहे असं सांगतात, मग टेबल वाचताच येत नाही, अशा वेळी लोसेटअप ला सेक्टरचा आकार वेगळा सांगून बघायचा. एसएसडी असेल तर सगळं झाल्यावर विंडोजच्या ऑप्टिमाइज मधून एकदा ट्रिम (मोकळे ब्लॉक कुठले हे एसएसडीला कळवणं) करून घ्या, कारण डीडी ने मोकळे ब्लॉक पण लिहून टाकलेले असतात.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला की चालू पुस्तक उघडलं तर शीर्षकांचा फॉन्ट बदललाय. मधल्या महिन्यांत तिने घेतलेले फॉन्ट साहजिकच जुन्या सी मध्ये नव्हते. विंडोज १० मध्ये एकाच यूझरपुरते टाकलेले फॉन्ट अ‍ॅपडेटा मधल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमध्ये असतात, आणि ते फोल्डर तुटलेल्या सी वरून आपण उचलून ठेवलेलंच होतं. तिथून तिने स्वतः परत टाकून घेतले आणि ओळी जागच्या जागी बसल्या.